जर्मनीच्या हिवाळ्यात ढोलकी उतरत नाही, चढते

मुंबईतलं लोकसंगीताचं पथक जर्मनीच्या हिवाळी दौऱ्याला निघालं की सगळ्यात आधी थर्मल आणि जॅकेटांची यादी होते. माणसं निभावून नेतात. दगा देतं ते कातडं, आणि तेही बाहेरच्या थंडीमुळे नाही, हॉलमधल्या उबेमुळे.

शून्य अंशाला एका घनमीटर हवेत फार तर ५ ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांना १७ ग्रॅम. बाहेरची हवा आत येऊन तापली तरी बाष्प तेवढंच राहतं, म्हणून आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. बाहेर उणे पाच असेल तर २० टक्क्यांच्याही खाली. मुंबईत पावसाळ्यात पुडी, म्हणजे वाद्याच्या तोंडावर ताणलेलं कातडं, उतरते: ढिली पडून सूर खाली जातो आणि वादक वैतागून ती ओढत बसतो. इथे नेमकं उलटं. कातडं सुकून आखडतं. काळी चारला, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेली ढोलकी तासाभरात अर्ध्या स्वराने वर, पांढरी सहाकडे सरकू लागते. नट-बोल्टची असेल तर पाना घेऊन सगळे नट सारखे, पाव-पाव फेरा सैल करायचे. एकाच बाजूने सोडली तर पुडी तिरकी बसते आणि सूर दुभंगतो. प्रयोग संपल्यावर पुन्हा सैल करून ठेवायची, कारण ताणलेलं कातडं रात्रभर हीटरच्या खोलीत राहिलं तर सकाळी फाटलेलं सापडू शकतं. पुडीवरच्या काळ्या लेपाला, शाईलाही बारीक भेगा पडतात, आणि एकदा कण सुटायला लागले की तिथे दुरुस्ती नाही. म्हणून शाईच्या दोन आणि धुमाची, म्हणजे खर्जाच्या बाजूची, एक अशा तीन पुड्या जादा न्याव्यात. त्यातली एक शाईपुडी मुंबईतल्या नेहमीच्या सुरापेक्षा मुद्दाम अर्धा स्वर उतरती करून घ्यावी. तिथे गेल्यावर ती आपोआप जागेवर येते.

वाद्याच्या पेटीत छोटा आर्द्रतामापक आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर धरून ठेवणारी पाकिटं ठेवली की निम्मी चिंता मिटते. ओला रुमाल ठेवायची जुनी युक्ती टाळा. एका जागी ओल धरते, शाई फुगते.

दुसरी खोड गाडीतून हॉलमध्ये शिरताना निघते. थंडगार वाद्य उबदार खोलीत उघडलं की त्यावर दव धरतं. हार्मोनियमच्या पितळी पत्त्यांवर तेच होतं, मग एखादा सूर अडकतो आणि दोष भात्याला दिला जातो. साडेसातचा कार्यक्रम असेल तर वाद्यांच्या पेट्या दोनला आत आणून बंदच ठेवायच्या, चारला उघडायच्या. रात्री वाद्यं गाडीत ठेवायची नाहीत, कितीही कंटाळा आला तरी. आणखी एक गंमत: प्रेक्षक भरले की त्यांच्या श्वासाने आणि ओल्या कोटांनी हॉलची हवा दमट होते. साऊंड चेकला लावलेली ढोलकी मध्यंतरापर्यंत थोडी उतरलेली असते. पाना खिशातच असू द्या.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावायची कणीक या हवेत लगेच कडक होऊन टवके उडतात. नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवायची आणि लावेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवायची.

हलगी आणि दिमडी जाळावर शेकून ताणायचा प्रश्न आतल्या कार्यक्रमात उरतच नाही, हवाच शेकते. उघड्यावरच्या नाताळ बाजारात मात्र भुरभुर पावसाने कातडं मिनिटांत ढिलं पडतं, आणि तिथे जाळ करता येत नाही. अशा ठिकाणी प्लास्टिकच्या पानाची हलगी नेण्यात कमीपणा मानू नये. आवाज तोच नाही, हे खरं.

आता सामान. जुन्या दिमडीवर घोरपडीचं कातडं असेल तर ती घरीच ठेवा. घोरपड कायद्याने संरक्षित आहे आणि हे कातडं सरहद्दीवर जप्त होतं. बकरीच्या कातड्याची दिमडी न्या. वासुदेवाच्या टोपीतली मोरपिसंही नेता येत नाहीत, मोरपिसांच्या निर्यातीला भारतात बंदी आहे. कापडी किंवा कागदी पिसांची टोपी शिवून घ्यावी. ढोलकीच्या शिसवी खोडाची, म्हणजे लाकडी अंगाची, धास्ती मात्र २०१९ पासून नाही. तयार वाद्यांना त्या वर्षी परवान्यातून सूट मिळाली. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तुपाची बरणी दोन्ही मागे. गोंधळाच्या मांडणीसाठी नारळ नेता येतो, पण विड्याची पानं आणि आंब्याचा डहाळा रोपतपासणीच्या दाखल्याशिवाय नाही.

कापूर विमानात चालत नाही, आणि चालला असता तरी गोंधळाची दिवटी, म्हणजे मशाल, हॉलमध्ये पेटवू देत नाहीत. बॅटरीची दिवटी करून न्या. मागचा पडदा जर्मन मानकाप्रमाणे बी-१, म्हणजे सहज न पेटणाऱ्या कापडाचा लागतो. नऊवारीचा पडदा करायची हौस असेल तर आधी आयोजकाला विचारा. भंडारा उधळायचा मोहही आवरायचा. हळदीची धूळ धूर ओळखणाऱ्या यंत्रात गेली की अग्निशमन दल दारात हजर, आणि खोट्या वर्दीचं बिल आयोजकाला येऊ शकतं.

विजेची काळजी नको. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. दोन गोल पिनांचा प्लग तिथे बसतो, आपला जाड तीन पिनांचा बसत नाही.

मानधनाच्या वाटाघाटीत एक आकडा पाठ असावा: २५० युरो. परदेशी कलाकाराला माणशी, एका प्रयोगाला एवढ्यापर्यंत कर कापला जात नाही. वर गेलं की पूर्ण रकमेवर १५ टक्के, आणि त्या करावर साडेपाच टक्के अधिभार. आठ जणांच्या पथकाला २,००० युरो मिळाले तर २,००० हातात. २,४०० मिळाले तर ३७९.८० कापून २,०२०.२० हातात. चारशेसाठी भांडून वीस मिळतात. मात्र ही माणशी विभागणी कलाकारांनी स्वतः करार केला तरच. मुंबईतल्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर करार असेल तर ती मिळत नाही.

तारखा धरताना नोव्हेंबरातला मृतस्मरणाचा रविवार टाळा, त्या दिवशी बहुतेक राज्यांत संगीतावर बंधनं असतात. फेब्रुवारीत कोलोन आणि माइन्झचे हॉल कार्निव्हलने व्यापलेले असतात. चालकासह नऊ जणांची व्हॅन साध्या परवान्यावर चालते, नववा प्रवासी आला की बसचा परवाना. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह हवं. भाड्याची गाडी घेताना खाली वाकून बघा. कोलोनहून ब्रेमेन तीनशे किलोमीटरवर आहे, आणि डिसेंबरात चारलाच अंधारतं. एवढा पल्ला आणि प्रयोग एकाच दिवशी ठेवला तर वाद्यांना हॉलमध्ये मुरायला वेळ उरत नाही.

परतल्यावर मुंबईची दमट हवा लागली की पुड्या एकदम उतरतात. लगेच आवळायला जाऊ नका. आठवडाभर सैल राहू द्या, मग हळूहळू चढवा.