आमची वाटचाल: कुरासावचा समुद्र, एका दिवशी एकच किनारा

ज्यांना पोहता येत नाही अशा मराठी माणसांना कॅरिबियन समुद्रातली प्रवाळं आणि मासे दाखवणं, हा आमचा व्यवसाय. बेट कुरासाव. ऑफिस नेदरलँड्समधल्या ॲम्स्टेलवीनला, राहत्या घरातच. मी, माझी पत्नी, बेटावरचा एक गाईड आणि व्हॅन चालवणारे एक काका, एवढीच आमची माणसं.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला सुमारे 65 किलोमीटरवर असलेलं कुरासाव नेदरलँड्सच्या राज्यात मोडतं; 10 ऑक्टोबर 2010 पासून तो स्वायत्त देश आहे. ॲमस्टरडॅमहून थेट विमान मिळतं, प्रवास दहा तासांच्या आसपास. नेदरलँड्समधल्या मराठी घरांत थंडीच्या सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न दरवर्षी निघतोच, आणि भारतातून आईवडील आलेले असले की बर्फात जाण्याचा बेत आपोआप मागे पडतो. आम्हीही तसेच माझ्या आईबाबांना घेऊन कुरासावला गेलो. बाबांना पोहता येत नाही. प्लाया लागूनच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी मास्क लावला, मान पाण्यात घातली, आणि बराच वेळ वर काढलीच नाही. पुण्याला परतल्यावर त्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन करून ते सांगितलं. आमची पहिली गिऱ्हाइकं त्या फोनांतून आली.

हे सगळं कुरासावलाच का जमतं, ते सांगायला हवं. इथे जवळपास वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे उत्तरेचा किनारा कायम खवळलेला असतो. शेटे बोकाच्या उद्यानात कड्यांवर आपटणाऱ्या लाटा लांबूनच बघायच्या, तिथे पाण्यात पाय घालायचा नाही. नैर्ऋत्येची बाजू मात्र वाऱ्याच्या आडोशाला येते. तिथल्या छोट्या छोट्या खाड्यांत पाणी शांत असतं, भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर, आणि प्रवाळाची रांग किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर सुरू होते. मालवणला सिंधुदुर्गाजवळची प्रवाळं बघायची तर होडीतून जाऊन खोल पाण्यात उतरावं लागतं. पोहता न येणाऱ्याची निम्मी भीती त्या उतरण्याचीच असते. इथे वाळूवरून चालत चालत जाता येतं, आणि वाटेल तेव्हा मागे फिरून उभंही राहता येतं. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

सुरुवातीला फोनवर हमखास विचारणा व्हायची, दिवसात किती बीच दाखवता? बाकीचे चार-पाच दाखवतात. आम्ही पहिल्यापासून एकच सांगतो. काही जण तिथेच फोन ठेवायचे. पण पन्नाशी-साठीचं माणूस पहिल्यांदा पाण्यात उतरतं तेव्हा त्याचा श्वास शांत व्हायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात ‘चला, पुढच्या बीचला’ म्हटलं तर त्याच्या वाट्याला फक्त धास्ती आणि नाकात गेलेलं खारं पाणी येतं.

आमचा पहिला दिवस प्रत्येक ग्रुपबरोबर प्लाया लागूनलाच असतो. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधे चिंचोळी खाडी, वाळूवर ओढून ठेवलेल्या कोळ्यांच्या होड्या. पहिला धडा पाण्यात बसून होतो. मास्कचा पट्टा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला घ्यायचा, फार आवळायचा नाही. मिशी असेल तर तिथून पाणी झिरपतं, म्हणून मिशीवर व्हॅसलिन लावायचं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून धुवायचा. मग स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, दातांत हलकेच धरून, चेहरा पाण्यावरच ठेवून, फक्त तोंडाने श्वास. श्वास आत घेण्यापेक्षा पूर्ण बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यायला आम्ही सांगतो. घाबरलेलं माणूस श्वास घेतच राहतं, सोडत नाही, आणि मग हवा पुरत नाही असं त्याला वाटतं. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोपे वाटतात, पण आम्ही ते ठेवत नाही. घाबरल्यावर तोंडातली नळी थुंकून टाकता येते, तो मास्क तसा झटकन निघत नाही.

अंगात फुगवायचं जॅकेट, हाताखाली दोरी बांधलेला फ्लोट, आणि दोरीचं दुसरं टोक गाईडच्या हातात. असं कड्याच्या कडेकडेने निघायचं. पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे स्वतःहून जवळ येतात. ट्रम्पेटफिश डोकं खाली करून काठीसारखा उभा तरंगत असतो. नीट कान दिला तर कट्-कट् असा बारीक आवाज येतो. पॅरटफिश आपल्या चोचीने खडकावरचं शेवाळ खरवडत असतो. त्यासोबत पोटात गेलेल्या प्रवाळाची पूड होऊन मागून वाळू पडते, आणि किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत तिचा मोठा वाटा असतो. एका काकूंना हे दिसलं तेव्हा त्या पाण्यातच उभ्या राहून किनाऱ्यावरच्या काकांना हाका मारायला लागल्या. तोपर्यंत ‘मी नुसत्या पिशव्या सांभाळतो’ म्हणून बसलेले काका दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पाण्यात होते.

केनेपाच्या किनाऱ्याचा निळा रंग सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. तिथे आम्ही रविवारी जात नाही, कारण त्या दिवशी स्थानिक कुटुंबं येतात आणि ती जागा आधी त्यांची आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी आम्ही 1795 ची हकीकत सांगतो. याच केनेपाच्या मळ्यावर 17 ऑगस्टला तुला नावाच्या गुलामाने काम नाकारलं आणि सोबत्यांना घेऊन बंड उभारलं. ते चिरडलं गेलं, ऑक्टोबरमध्ये तुलाला हालहाल करून ठार मारलं. डच वसाहतींतली गुलामगिरी संपायला त्यानंतर 1863 साल उजाडलं. सुट्टीत हे कशाला, असं कुणी म्हणतंही. मला वाटतं, ज्या मातीवर टॉवेल पसरायचा तिची एवढी ओळख हवीच.

प्लाया पिस्कादोला कोळी मासे साफ करतात आणि टाकाऊ तुकड्यांसाठी समुद्री कासवं येतात. ‘कासवांबरोबर पोहण्याची हमी’ अशी जाहिरात आम्ही कधी केली नाही, करणारही नाही. सकाळी लवकर जातो, कासवापासून अंतर ठेवतो, हात लावू देत नाही. कुणी ऐकलं नाही तर गाईड त्याला पाण्याबाहेर काढतो, मग तो कितीही जुना ग्राहक असो.

मार्च 2020 मध्ये विमानं थांबली. घेतलेले आगाऊ पैसे आम्ही सगळ्यांना परत केले. त्यासाठी घरातली बचत मोडावी लागली. बेटावरच्या गाईडला आणि व्हॅनवाल्या काकांना जमेल तेवढे पैसे पाठवत राहिलो. तेव्हा पैसे परत मिळालेली बरीचशी कुटुंबं नंतर आमच्याकडेच आली, आणि येताना आणखी दोन-तीन घरं घेऊन आली.

2023 ने मात्र आमची काम करण्याची पद्धतच बदलली. 2014 मध्ये फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसलेला स्टोनी कोरल टिश्यू लॉस हा प्रवाळांचा रोग कुरासावला पोचला. ब्रेन कोरल, पिलर कोरल यांसारख्या दगडी प्रवाळांचं जिवंत आवरण काही आठवड्यांत गळून जातं आणि मागे पांढरा सांगाडा उरतो. वर्षानुवर्षं ओळखीचा असलेला प्रवाळाचा ढिगारा असा पांढरा पडलेला बघणं फार जड जातं. त्याच वर्षी समुद्रही तापला, उरलेल्या प्रवाळांचे रंग उडाले. ओल्या सामानातून हा रोग एका खाडीतून दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून रोज संध्याकाळी आमचे सगळे मास्क, नळ्या आणि जॅकेटं ब्लीचच्या सौम्य पाण्यात बुडतात, मग गोड्या पाण्यात धुऊन वाळतात. एका दिवशी एकच किनारा हा नियम आम्ही माणसांसाठी केला होता, आता तो प्रवाळांसाठीही पाळतो. पायात घालायचे पोहण्याचे पंख, म्हणजे फिन, देणंही बंद केलं आहे. नवख्या माणसाच्या फिनचा एक फटका फांद्यांच्या प्रवाळाला पुरतो. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टीशर्ट आम्हीच देतो. बायकांना ते विशेष आवडतात, पाण्यात संकोच वाटत नाही.

आता आमच्याकडे दुसऱ्यांदा येणारी माणसंही आहेत. त्यांना आम्ही काराकासबाई नावाच्या खाडीवर नेतो. तिथे पाचेक मीटर पाण्यात एक छोटी टगबोट बुडालेली आहे, तिच्यावर प्रवाळं वाढली आहेत, आणि ती वरून तरंगत सहज दिसते. क्लाइन कुरासाव या जवळच्या छोट्या बेटाची सहल बरेच जण मागतात. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध होडी फार आपटते, म्हणून पाठीचा, मानेचा त्रास असलेल्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

आमच्या मते सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरचा. वारा मंदावलेला असतो, नेदरलँड्समध्ये शाळांना सुट्टी असते, आणि हे बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला येतं. डिसेंबर-जानेवारीत गर्दी आणि वारा दोन्ही जास्त.

विचारणा करताना चष्म्याचा नंबर कळवा, नंबरचे मास्क आमच्याकडे आहेत. रक्तदाब, दमा, हृदयविकार असेल तर न लपवता सांगा आणि डॉक्टरांना विचारून या. आईवडिलांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बुकिंगआधी आमच्याशी बोला. कुरासाव शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे तिथून परतताना तो व्हिसा चालत नाही.