गळका द्रोण

सत्यनारायण आटोपला की सात-आठ द्रोण उरतातच. टाकवत नाहीत. फळीवर चढतात, आणि पुढच्या पूजेला नवे येतात ते येतातच. जूनमधल्या एखाद्या दुपारी, गच्चीवर सरी कोसळत असताना आणि हातात काकडीच्या बियांची पुडी असताना, ते आठवावेत. बाहेर पेरलं तर बी वाहून जाणार, म्हणून रोपं द्रोणात करायची.

पंगतीत हाच द्रोण आमटी पाझरवायचा आणि भाताचं आळं करून ती अडवायची धांदल उडायची. रोपाला तर गळकंच भांडं लागतं! मात्र पळसाचा, काड्यांनी टाचलेलाच घ्यावा. चंदेरी द्रोणाच्या आत प्लास्टिक असतं.

एकटा द्रोण आठवड्याभरात लोळतो, म्हणून दोन एकात एक. चाळलेलं कंपोस्ट आणि भिजवलेलं कोकोपीट निम्मं-निम्मं. मूठ आवळली की लाडू व्हावा, पाणी निथळू नये. काकडीचं बी दोन सेंटीमीटर खोल, टोमॅटोचं जेमतेम अर्धा. पाणी वरून नको. परातीत बोटभर पाणी घालून द्रोण पंधरा मिनिटं ठेवावेत, उरलेलं ओतून द्यावं. सतत ओल राहिली तर रोप मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि एका रात्रीत आडवं पडतं. ही बुरशी, पडलेलं रोप पुन्हा उठत नाही. कोंब दिसताच द्रोण उजेडाच्या खिडकीत हलवावेत, नाहीतर नुसता दांडा लांबतो.

काकडी-दोडक्याला मुळं हलवलेली सोसत नाहीत. बीतून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं आली की तळाची एखादी काडी उपसून द्रोणासकट लावून टाकायचं.

वर्तमानपत्राची पुडीही चालते, पेल्याभोवती दुहेरी गुंडाळलेली. लावताना तिची कड मातीच्या वर उघडी राहिली तर ती वातीसारखी ओल ओढून घेते आणि मुळं सुकतात, कड फाडावी. अंड्याचं कवच फोटोपुरतं देखणं. दोन आठवड्यांत मुळांना जागा पुरत नाही, आणि न चुरडता लावलं तर रोप आतच अडकतं. लिंबाच्या सालीला रोपाआधी बुरशी येते.

राहिली करवंटी. मऊ डोळा टोचला की पाण्याला वाट होते, पण जमिनीत पुरली तर वर्षानुवर्षं कुजत नाही. तरी करवंट्या टाकू नयेत. का, ते विचारू नये.