मधल्या खांबाला तार आवळू नका

नवीन तार घातलेल्या कुठल्याही बागेत गेले की माझी नजर आधी कोपऱ्याच्या खांबाकडे जाते. तो आत झुकला असेल तर पुढची तार हात लावून बघायची गरज नसते, ती सैल असणारच. मग मी मधल्या एखाद्या खांबाशी वाकते आणि तार कशी बांधली आहे ते बघते. बहुतेक ठिकाणी ती खांबाला गच्च आवळलेली असते. दोन-तीन वेढे, वर पक्कडीने दिलेला पीळ, आणि बांधणाऱ्याची समजूत की काम पक्कं झालं. कुडाळ तालुक्यात आमची काजू-आंब्याची बाग आहे. आसपासची कितीतरी कुंपणं या गच्च आवळण्यामुळेच लवकर गेलेली मी बघितली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कोकणात कुंपणाची खरी परीक्षा भातकापणीनंतर सुरू होते. शेतं रिकामी झाली की गुरं उनाड सुटतात, आणि काजूची कोवळी कलमं त्यांना कुठूनही दिसतात. पूर्वी दगड रचून घातलेले गडगे होते, दरवर्षी नव्याने घातलेली काट्याकुट्यांची वई होती, घरात माणसं होती. आता गडगे ढासळलेत, वई घालायला गडी मिळत नाहीत, त्यामुळे जो तो काटेरी तार आणतो. तार महाग, खांब महाग, मजुरी त्याहून महाग. एवढा खर्च करून चार पावसाळ्यांत तार लोंबायला लागली तर जीव तुटतो.

आम्हाला तार बांधायला शिकवलं ते शेजारच्या काकांनी. आयुष्यभर लोकांच्या बागांना कुंपणं घातलेला माणूस. मी पहिल्यांदा पक्कड हातात घेऊन मधल्या खांबाशी बसले तेव्हा ते म्हणाले, "गो बाय, मधल्या खांबाक आवळू नको. सरकांदे तिका." मला वाटलं, सरकली तर सैल नाही का पडणार? त्यांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यावर गेले, तार ओढली, आणि मला मधल्या खांबाशी उभं राहून यू खिळ्याखालून, म्हणजे इंग्रजी U सारख्या दोन पायांच्या खिळ्याखालून, सरकणारी तार बघायला लावली. इकडे ताण आला की तिकडच्या टोकापर्यंत सगळी तार एकदम ताठ होत होती.

त्यामागचं कारण सरळ आहे. तारेचा ताण पेलायचं काम शेवटच्या आणि कोपऱ्यांच्या खांबांचं. मधल्या खांबांनी तार फक्त ठरल्या उंचीवर धरून ठेवायची. एखादी म्हैस अंगानिशी तारेवर रेलली किंवा वादळात फांदी पडली, तर मोकळी तार दोन्ही बाजूंनी थोडी थोडी सरकते आणि तो झटका शंभर-दोनशे फुटांच्या लांबीत वाटला जातो. तीच तार दर खांबाला आवळलेली असेल तर सगळा मार दोन खांबांमधल्या आठ-दहा फुटांवर येतो. मग तार तुटते, खिळा उपटतो, नाहीतर सिमेंटच्या पोलाला तडा जातो. शिवाय पुढे कधी तार पुन्हा ओढायची झाली तर प्रत्येक खांबावरची गाठ सोडत बसावं लागतं. मोकळी असेल तर एका टोकाला ओढली की झालं.

उन्हाचाही भाग आहे. शंभर मीटर लोखंडी तारेचं तापमान वीस अंशांनी उतरलं तर ती जवळपास अडीच सेंटिमीटर आखडू बघते. वैशाखाच्या भर दुपारी कडक ओढलेली तार पौषातल्या पहाटे किती ताणली जात असेल याचा अंदाज यावरून येईल. काटेरी तार दोन तारांना पीळ देऊन बनवलेली असते, तिच्या पिळातच थोडी लवचीकता असते, म्हणून ती हे सहन करते. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ साली ज्या तारेचं पेटंट घेतलं, तिच्यात दुसऱ्या तारेचा पीळ काटे जागच्या जागी धरून ठेवत होता. आजही दुकानातलं बंडल उलगडून बघितलं तर रचना तीच दिसते.

आता कोपऱ्याच्या खांबाकडे येऊ, कारण खरी मेहनत तिथे आहे. नीट ओढलेल्या एका तारेचा ताण साधारण सत्तर ते शंभर किलोच्या घरात जातो. चार तारा म्हटल्या तर तीन-चारशे किलो वजन त्या खांबाला रात्रंदिवस आपल्याकडे खेचत असतं, आणि कोपऱ्यावर तर दोन दिशांनी. म्हणून तो खांब बाकीच्यांपेक्षा जाड हवा आणि तीन फूट तरी जमिनीत हवा. त्याला टेकू द्यायचा तो तार ज्या बाजूला जाते त्या बाजूने, कारण खांब तिकडेच झुकणार असतो. टेकू लांब, पाय दूर नेऊन द्यावा. आखूड आणि उभा दिला तर ताण आला की तो खांबाला जमिनीतून वर उचलतो. टेकूच्या पायाशी आम्ही जांभ्या दगडाचा एक अख्खा चिरा आडवा पुरतो. मऊ मातीत नुसतं लाकूड टेकवलं तर पहिल्याच पावसात ते रुतत जातं आणि टेकू असून नसल्यासारखा होतो. कातळावर तर खड्डाच खणता येत नाही. तिथे ब्रेकरने भोक पाडून काँक्रीटमध्ये खांब उभा करावा लागतो, आणि काँक्रीट पूर्ण पक्कं होईपर्यंत त्याला तार लावायची घाई करू नये.

कोपऱ्यावर तार बांधायची रीत अशी. टोकाकडचे दीड-दोन फुटांतले काटे काढून टाकायचे, नाहीतर वेढे बसत नाहीत आणि हात फाटतात. तार खांबाभोवती पूर्ण फिरवून पुढे आणायची आणि तिच्याच अंगावर पाच-सहा आटे द्यायचे, एकाला एक चिकटून. आटे लांब लांब पडले तर ताणाखाली सुटत जातात. पहिले दोन आटे हाताने, पुढचे पक्कडीने, आणि उरलेलं टोक खांबाकडे वळवून दाबून टाकायचं, म्हणजे जाता-येता कुणाचा सदरा अडकत नाही. वेढा खाली घसरू नये म्हणून खांबाच्या मागच्या बाजूला एक यू खिळा. एवढं केलं की तिथे तार हलता कामा नये, बोटानं छेडली तर घुमली पाहिजे.

मधल्या लाकडी खांबांवर यू खिळा मारताना तीन गोष्टी सांभाळा. खिळ्याचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत जाता कामा नयेत, तसे गेले तर त्या रेषेने लाकूड चिरतं. खिळा थोडा तिरका धरला की दोन पाय दोन वेगळ्या रेषांत बसतात. दुसरं म्हणजे तो पूर्ण ठोकायचा नाही. तार त्याखालून सरकेल एवढी फट राहू द्यायची, आणि काटा खिळ्याखाली येणार नाही असं बघायचं. हातोडीचा शेवटचा जोरदार घाव तारेवर बसला की वरचा जस्ताचा थर फुटतो. खारं वारं आणि पाऊस त्या फुटलेल्या जागेपासूनच तार खायला लागतात. तुटलेल्या जुन्या तारा मी निरखून बघितल्या आहेत. काही काट्यांपाशी गेलेल्या असतात, काही सांध्यापाशी, पण पुष्कळशा बरोब्बर खिळ्याखाली. तिथे दोन बोटांत धरून वाकवली तर बिस्किटासारखी मोडते, आणि तिथून वीतभर अंतरावर तीच तार अजून करडी, चकचकीत असते.

तिसरी गोष्ट चढ-उताराची, आणि आमच्या भागात सपाट जमीन आहेच कुठे! घळीत तार खांबाला वर उचलते, उंचवट्यावर खाली दाबते. म्हणून घळीतल्या खांबावर खिळा खालून वर, म्हणजे टोकं वरच्या दिशेने जातील असा मारायचा आणि उंचवट्यावर वरून खाली. म्हणजे तार जितकी ओढेल तितका खिळा आत बसतो. घळीतला खांब मुळासकट उपटून लोंबताना तुम्ही कुठे ना कुठे बघितला असेल. तो खोल गाडावा लागतो, शिवाय बुडाला आडवा तुकडा ठोकून वर दगड भरावे लागतात.

तार खांबाच्या कुठल्या बाजूला? ज्या बाजूने जनावर ढकलणार त्या बाजूला. बागेत बाहेरची गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण असेल तर बाहेरून. मग गुरांचा रेटा तारेला खांबावर दाबतो. आतून लावली तर तोच रेटा खिळा उपटायला मदत करतो. फक्त वळणावर हा नियम बाजूला ठेवून तार वळणाच्या बाहेरच्या अंगाने न्यायची.

लाकडाबद्दल थोडं. खैराचा नार, म्हणजे आतला कठीण गाभा, वाळवी सहज खात नाही, ऐन-किंजळही टिकतात, पण खैर, ऐन, किंजळ, साग ही सगळी झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. आपल्या बागेतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. खैरासारख्या लाकडात लोखंडी खिळा मारला की भोवती काळा डाग धरतो, तो त्या लाकडातला रस लोखंडाशी भिडल्यामुळे. तिथे जस्त चढवलेलेच खिळे वापरा.

हल्ली बहुतेक जण सिमेंटचे पोल घेतात. त्यांना खिळा नाही, बांधणीच करावी लागते. चौदा किंवा सोळा गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो जितका मोठा तितकी तार बारीक) जी.आय., म्हणजे जस्त चढवलेल्या, तारेचा हातभर तुकडा घ्यायचा, पोलाच्या मागून फिरवून दोन्ही टोकं पुढे आणायची, एक मुख्य तारेच्या वरून आणि एक खालून घेऊन दोन बाजूंना दोन-तीन पीळ द्यायचे. मुख्य तार त्या कवेत सैलसर बसते, खाली घसरत नाही आणि ओढली तर सरकते. इथे सळ्या बांधायची काळी बाइंडिंग वायर कृपा करून वापरू नका. ती मऊ असते, पटकन पिळली जाते, म्हणून गवंडी असलेले गडी तीच खिशातून काढतात. तिच्यावर जस्त नसतं. आमच्या पावसात ती दोन-तीन वर्षांत भुगा होते आणि चांगली बारा गेजची तार पोल सोडून जमिनीवर येते. हजारोंची तार काही शेकड्यांच्या बांधणीमुळे वाया गेलेली बघवत नाही.

गिरिपुष्प किंवा पांगाऱ्याचे जिवंत खांब मला सगळ्यांत आवडतात. पावसाच्या तोंडावर मेढे रोवले की फुटतात, पाला खताला होतो, वाळवीची भीती नाही. पण झाड जाड होत जातं आणि थेट ठोकलेली तार पोटात घेतं. मग ती तार ना ओढता येते, ना काढता येते, आणि पुढे कुणी तिथे करवत चालवली तर पातं फुटून अपघात होतो. त्यापेक्षा झाडावर लाकडाची उभी पट्टी दोन खिळ्यांनी ठोका आणि तार त्या पट्टीला लावा. झाड वाढलं की पट्टी पुढे सरकवायची.

ओढताना चेन पुली किंवा रॅचेट वापरा. गाडीला तार बांधून ओढणारे लोक मी बघितले आहेत. किती ताण आला हे गाडीतल्या माणसाला कळत नाही, आणि तुटलेली काटेरी तार ज्या वेगाने उलटी येते तो वेग डोळ्यांना दिसत नाही. ओढताना तारेच्या रेषेत कुणी उभं राहू नये, पोरांना लांब ठेवावं, चामड्याचे हातमोजे आणि चष्मा घालावा.

डुकरांसाठी म्हणून काही जण तारेत घरची लाईट सोडतात. याबद्दल मला फार पोटतिडकीने सांगायचं आहे: असं कधीही करू नका. माणसं मरतात, गुरं मरतात, आणि ज्याने लाईट सोडली त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. झटकाच हवा असेल तर बॅटरीवर चालणारं झटका मशीन मिळतं, त्याचा झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून असतो. त्याला काटेरी तार वापरायची नाही, साधी तार वापरायची. प्रत्येक खांबावर वीज अडवणारा इन्सुलेटर लावून त्यातून ती मोकळी न्यायची, आणि तारेखालचं गवत काढत राहायचं.

पाऊस संपला, गुरं सुटायच्या आधी कुंपणाला एक फेरी मारावी. कोपरे बघावेत, सैल तार ओढून घ्यावी, तुटली असेल तिथे दोन्ही टोकांचे फासे एकमेकांत अडकवून प्रत्येक टोक आपापल्या अंगावर पाच-सहा आटे देऊन सांधा करावा. काम संपलं की कापलेले तुकडे, काढलेले काटे, वाकडे खिळे सगळे वेचून डब्यात भरा. गवतातला तारेचा तुकडा गाय चाऱ्याबरोबर गिळते, तो तिच्या जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या जाळीदार कप्प्यात, अडकतो आणि तिथून पुढे हृदयापर्यंत टोचत जातो. बाहेरून काही दिसत नाही, गाय नुसती खाणं टाकते, आणि पुष्कळदा कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आम्ही संध्याकाळी दोरीला बांधलेलं लोहचुंबक कुंपणाच्या कडेने ओढत नेतो, आणि डोळ्यांतून सुटलेले दोन-चार काटे त्याला प्रत्येक वेळी सापडतात.