आरएस ऑफियुकीचा स्पेक्ट्रम: २०२१ च्या श्रावणातला माझा अनुभव

८ ऑगस्ट २०२१, दीप अमावस्येची रात्र. आयर्लंडमधल्या एका हौशी निरीक्षकाला भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफियुकी अचानक पाचव्या प्रतीच्या आसपास दिसला (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद), एरवी हा तारा अकराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच नाही. मला मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि बाहेर बघतो तर आभाळ गच्च भरलेलं.

हा पुनरावर्ती नवतारा, म्हणजे पुन्हा पुन्हा स्फोट होऊन अचानक उजळणारा. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ असे त्याचे स्फोट नोंदलेले आहेत. २००६ ला मी कॉलेजात होतो, दुर्बीण नव्हती, नुसत्या बातम्या वाचल्या, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने तेव्हा याच ताऱ्याचे १.४ गिगाहर्ट्झच्या खालचे रेडिओ तरंग पहिल्यांदा पकडले होते. त्यामुळे यावेळी काहीही करून स्वतः स्पेक्ट्रम, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाचा रंगांमध्ये पसरलेला पट्टा, घ्यायचाच असं ठरवलं.

सामान काय, तर घरची ६ इंची, हाताने फिरवायची डॉब्सोनियन दुर्बीण, मित्राकडून मागून आणलेला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि स्टार ॲनालायझर, म्हणजे मिलिमीटरला १०० रेघा असलेलं, फिल्टरसारखं पुढे बसवायचं, प्रकाश रंगांमध्ये पसरवणारं ग्रेटिंग. डॉब्सोनियन ताऱ्यामागे आपणहून फिरत नाही, तारा सरकत राहतो, पण त्याचाच उपयोग करून घेता येतो. ग्रेटिंग असं फिरवायचं की प्रकाशाचा पट्टा ताऱ्याच्या सरकण्याला काटकोनात पडेल, मग तारा सरकेल तसा पट्टा आपोआप रुंद होतो आणि त्यातल्या मूलद्रव्यांच्या रेषा छान दिसतात. हे जमायला मला अख्खा एक तास लागला.

आम्ही मिरजेजवळ राहतो, कोल्हापूरपेक्षा आमच्याकडे पाऊस बराच कमी, पण श्रावणातले ढग ते ढगच. ११ तारखेला रात्री चाळीस मिनिटं आभाळ उघडलं, ८० फ्रेम घेतल्या, खाली येऊन लॅपटॉपवर ग्राफ काढला तर हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचा, म्हणजे एच-अल्फाचा, शेंडा सुरीने कापल्यासारखा सपाट. एक्स्पोजर जास्त झालं होतं, कॅमेऱ्याची मर्यादा तिथेच संपली होती. बाकी पट्टा चांगला होता, पण जी रेषा सगळ्यात महत्त्वाची तिची उंचीच गेली. फार वाईट वाटलं.

१३ तारखेला नागपंचमी. आई गच्चीवर आली, म्हणाली, "आज नागपंचमी आणि तुझा तारापण भुजंगवालाच होय रे." त्या रात्री एक्स्पोजर निम्म्यावर आणलं. आधी अभिजित ताऱ्याचा पट्टा घेतला, त्यात हायड्रोजनच्या रेषा काळ्या दिसतात, त्यांच्यावरून कुठला पिक्सेल किती आंगस्ट्रॉम (प्रकाशाच्या तरंगलांबीचं एकक) ते ठरवलं, आणि मग आरएस ऑफियुकी. ज्या जागी अभिजितला काळी खाच तिथेच याला झगझगीत उंचवटा! एच-अल्फा तर बाकी सगळ्या पट्ट्याच्या कितीतरी वर गेलेली. मी बराच वेळ नुसता बघतच बसलो.

आता हे असं का, तर तिथे एक श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा छोटा घट्ट गाभा, आणि एक तांबडा राक्षसी तारा साधारण ४५४ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. बटूवर साचलेला हायड्रोजन पेटतो आणि वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. सेकंदाला ३००० किमी म्हणजे एच-अल्फाच्या जागी साधारण ६५ आंगस्ट्रॉमची सरक, आणि काही वायू आपल्याकडे तर काही आपल्यापासून लांब जाणारा, म्हणून रेषा दोन्ही बाजूंना पसरट. पण इथे बाहेर मोकळी पोकळी नाही, राक्षसी ताऱ्याचा वारा आधीच भरलेला आहे, त्यात घुसताना वायूला ब्रेक लागतो आणि रेषा दिवसेंदिवस अरुंद होत जातात. हे अरुंद होणं माझ्या ग्रेटिंगला दिसत नव्हतं, त्याचा स्वतःचा धूसरपणाच तेवढा आहे, पण फटवाले स्पेक्ट्रोग्राफ असलेल्या हौशी लोकांचे ग्राफ रोजच्या रोज येत होते, मी माझा पट्टा त्यांच्या शेजारी लावून बघायचो.

गणपतीत पुन्हा आभाळ उघडलं. तारा आता नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर गेलेला, मागचा अखंड प्रकाश पार मंदावलेला आणि त्यामुळे रेषा जास्तच उठून दिसत होत्या. मोठ्या स्पेक्ट्रोग्राफवाल्यांच्या ग्राफमध्ये तर ५३०३ आंगस्ट्रॉमला हिरवी रेषासुद्धा होती, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, त्याला लाखो अंशांचं तापमान लागतं. हीच रेषा १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात पहिल्यांदा दिसली तेव्हा लोकांना नवीन मूलद्रव्य सापडलं असं वाटलं होतं, आणि १९३३ ला ती याच ताऱ्याच्या स्फोटात दिसली, म्हणजे तेव्हा तिचा खरा उलगडासुद्धा झालेला नव्हता. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आता ट्रॅकिंगवालं माउंट, म्हणजे ताऱ्यामागे दुर्बीण आपोआप फिरवणारा स्टँड, घेतलंय. उत्तर मुकुटातला टी कोरोने बोरिआलिस हाही पुनरावर्ती नवतारा, १८६६ आणि १९४६ ला भडकलेला, त्याचा शांत असतानाचा पट्टा काढून ठेवलाय. टायटॅनियम ऑक्साइडच्या पायऱ्या-पायऱ्या त्यात स्पष्ट दिसतात, तांबड्या राक्षसी ताऱ्याची खूण. एच-अल्फासाठी यावेळी तीन वेगवेगळी एक्स्पोजर वहीत आधीच लिहून ठेवली आहेत.