उड्या मारायचं वय

गेल्या दिवाळीच्या आधी आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, वय ७१. ऑपरेशन झालं, वॉकर आला. फॉलोअपला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मध्येच माझ्या लेकीला विचारलं, तू काय खेळतेस गं? ती म्हणाली, आधी खो-खो खेळायचे, आता क्लास असतो. ती १३ वर्षांची आहे. डॉक्टर मला म्हणाले, आजीचं हाड आहे ते आपण सांभाळायचं, हिचं मात्र अजून भरतंय.

ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून मग खूप वाचलं. मोठेपणी आपल्या हाडांत कॅल्शियमसारखी जेवढी खनिजं असतात त्यातला जवळजवळ पाव भाग उंची भराभर वाढते त्याच्या आसपासच्या दोन वर्षांतच भरतो, मुलींचा साधारण साडेअकरा ते साडेतेरा आणि मुलांचा त्यानंतर दीडेक वर्षाने. विशीपर्यंत बहुतेक सगळं भरून झालेलं असतं, पुढे तीच पुंजी आयुष्यभर वापरायची. आणि आपण नेमकं याच वयात काय करतो, तर पाळी आली की "आता मोठी झालीस, उड्या नको मारू" आणि आठवी-नववी आली की ग्राउंड बंद. मीही हेच केलं, मला त्याचं खरंच वाईट वाटतंय.

हाड जिवंत असतं हो, त्यावर जोर पडला की तिथे ते भरतं. टेनिसवाल्यांच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. पोहणं, सायकल छानच, पण त्यात शरीराचा भार पायांवर आदळत नाही, त्यामुळे हाडांना फारसं काही मिळत नाही. उडी मारून जमिनीवर येणं, पळता पळता एकदम दिशा बदलणं, हे हवं. म्हणजे खो-खो, लंगडी, दोरीच्या उड्या, आणि हो, मंगळागौरीची फुगडी आणि झिम्मासुद्धा! शिवाय तासन् तास करायची गरज नाही, एकाच माऱ्याला हाडाच्या पेशी थोड्या वेळाने दाद देईनाशा होतात, त्यामुळे सकाळी थोड्या उड्या, संध्याकाळी थोड्या, हे जास्त बरं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि आठवड्यात निदान ३ दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते.

या वयात मुलं पडली की मनगट पटकन मोडतं, कारण उंची आधी वाढते आणि हाड मागून भरतं. ते बघून खेळ बंद करू नका प्लीज. खाणं मात्र बघा, १३ ते १५ वयाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, बाकी दूध, दही, तीळ. आणि खूप सराव करणारी मुलगी जेवण कमी करत असेल, पाळी थांबली असेल, तर "होतं असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या, त्यात हाडं झिजतात.

लेकीची क्लासची बॅच बदलून घेतली, आता मंगळवार, गुरुवार, शनिवार खो-खो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप आपल्या मुलींनी जिंकला, कॅप्टन प्रियंका इंगळे महाराष्ट्राची, ती फायनल लेकीने मोबाईलवर परत लावून बघितली. बाकीच्या दिवशी अंगणात दोरी. आई वॉकर शेजारी ठेवून ओट्यावर बसते आणि उड्या मोजते, परवा ११० झाल्या.