कॅलिपर बदलले आणि अडीच आठवडे पॅडल मऊच

गाडीच्या पुढच्या ब्रेकला मोठे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडने दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग) बसवायला एक सकाळ पुरली. ब्रेकचं पॅडल जागेवर यायला अडीच आठवडे लागले. ज्या एका गोष्टीवर सगळं अडलं होतं ती बॅटरी मारून खाली वाकलं की मिनिटभरात दिसते. तीन वेळा गाडी गॅरेजला नेऊनही तेवढं कुणी वाकून पाहिलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहितो.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण, वर सामान, असे महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, तरी निम्म्या घाटात पॅड जळाल्याचा वास आला आणि जोर लावूनही गाडी हवी तशी थांबेना. मागे आई आणि दोन्ही मुलं. तिथेच ठरवलं. आमच्याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनाच्या गाडीला येतात त्या डिस्क आणि ते कॅलिपर आणले. आधीचा पिस्टन (कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा दट्ट्या) ४८ मिलिमीटरचा होता, हा ५४ चा. माल नवा होता. गॅरेजने बसवून दिला.

पुण्यात धायरीतलं आमचं घर महामार्गावरच्या नवले पुलापासून जवळ. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात होतात ते बघत आम्ही राहतो, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मी ‘चालेल’ म्हणूच शकत नाही. गॅरेजच्या दारातच पहिला ब्रेक दाबला आणि पोटात गोळा आला. पॅडल चार बोटं रिकामंच गेलं, मग ओल्या गादीवर पाय पडावा तसं मऊ लागलं. पटापट दोनदा दाबलं की तिसऱ्यांदा वर यायचं.

गॅरेजवाले म्हणाले, “नवीन पॅड आहेत साहेब, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, बसतील.” पॅड बसायला वेळ लागतो हे खरं. पण तोवर पकड कमी लागते. पॅडल पंप मारून वर यावं लागत नाही. हे मी सांगितलं, पण ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा सगळं ब्रेक ऑईल बदललं, एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली असेल म्हणून स्कॅनर लावला. तशी हवा अडकू शकते, त्यामुळे मीही मान डोलावली. फरक शून्य. तिसऱ्या खेपेला गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि निरोप आला: मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा भाग) गेलाय, बदलावा लागेल.

कॅलिपर बदलण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असलेला मास्टर सिलिंडर अचानक कसा जाईल? गाडी घरी आणली आणि जागेवरच तपासलं. इंजिन चालू ठेवून पॅडल घट्ट दाबून मिनिटभर धरलं. सील गेलं असतं तर पाय हळूहळू खाली गेला असता. नाही गेला. मग हॅण्डब्रेक ओढून पॅडल दाबलं. मागच्या ड्रम ब्रेकमधले लायनर (आतून घासणारे पट्टे) लांब राहिले असते तर आता पॅडल वर आलं असतं. नाही आलं. म्हणजे जे बदललं होतं तिथेच, पुढेच, काहीतरी होतं.

गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत, टेम्पो दुरुस्त करतात. चालत्या माणसाच्या वेगाने गाडी तिथवर नेली. त्यांनी पुढच्या कॅलिपरना ऑईल नेणारे दोन्ही रबरी होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबले आणि म्हणाले, “आता दाबा.” पॅडल दगड. एक क्लॅम्प सोडला, मऊ. तो लावून दुसरा सोडला, तरी मऊ. मग चाक काढलं, बॅटरी मारली आणि क्षणभर काही बोललेच नाहीत.

“हवा काढायचं निपल खाली कसं?”

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट जुळतात, डिस्क फिरते, बाहेरून काही कळत नाही. फक्त निपल वरच्या टोकाला असायचं ते खालच्या टोकाला गेलं होतं.

“हवा वर जाती साहेब. निपल खाली ठेवून दहा बाटल्या ओतल्या तरी ऑईलच निघणार, हवा वर बसून राहणार.”

ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पॅडलचा मऊपणा तो हाच. दोन्ही कॅलिपर अदलाबदल केले, होजच्या बोल्टला तांब्याचे नवे वायसर टाकले (जुने पुन्हा वापरू देऊ नका, गळतात). पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या गाडीत पॅडल पार तळाला नेलं तर मास्टर सिलिंडरचं सील कधी न घासलेल्या, गंजलेल्या भागावर जाऊन फाटू शकतं. माझी बायको सीटवर बसली. “ताई, दाबा... धरा, सोडू नका,” म्हणत मिस्त्री निपल उघडायचे, बंद करायचे आणि मगच “सोडा.” निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते. पारदर्शक नळीतून आधी खोकल्यासारखी उबळ आली, मग साबुदाण्याएवढे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग नुसतं सोनेरी ऑईल. अडीच आठवड्यांची हवा अशी डोळ्यांसमोर निघताना बघून मला खरोखर भरून आलं.

पॅडल आता टणक आहे, पण आधीपेक्षा थोडं खोल जातं. हे बिघडलेलं नाही, घाबरू नका. ५४ च्या पिस्टनचं क्षेत्रफळ ४८ च्या सव्वापटीहून थोडं जास्तच भरतं. मास्टर सिलिंडर तोच, म्हणजे पिस्टन तेवढाच सरकवायला जास्त ऑईल ढकलावं लागतं. त्या बदल्यात पायाच्या त्याच जोरावर पकड वाढते. मोठा मास्टर सिलिंडर टाकला तर पॅडल वर येतं, पण मिळवलेला जोर जातो. मी बदलला नाही.

ब्रेक ऑईल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल त्याच प्रकारचं घ्या. माझ्या गाडीला डॉट ४ प्रकारचं आहे. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून उघडी, अर्धी राहिलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ आधी वाचा. मी पत्राची पोच जपून ठेवली आहे.

आणि हे कॅलिपर घेण्याआधी बघायला हवं होतं: स्टेपनी. माझी १४ इंची होती, ती नव्या कॅलिपरवर बसतच नाही. मिस्त्रींनी चाक काढलंच होतं म्हणून लावून पाहिली, नाहीतर घाटात पंक्चर झाल्यावर कळलं असतं. आता डिकीत १५ इंची ठेवली आहे.