जास्त आरपीएमच्या इंजिनासाठी हायड्रॉलिक टॅपेट: निवड आणि प्रीलोड

इंजिन वरच्या आरपीएमला अडखळू लागले की पहिला संशय हायड्रॉलिक टॅपेटवर जातो, आणि माझ्या मते बऱ्याचदा तो त्याच्यावर अन्यायच असतो. टॅपेटच्या आत तेलावर तोललेला प्लंजर असतो, त्याच्या तळाशी एकेरी चेक व्हॉल्व्ह असतो, आणि कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या भागांच्या साखळीत (कॅमवर टेकलेला टॅपेट, त्यावरचा दांडा म्हणजे पुशरॉड आणि व्हॉल्व्ह दाबणारी तरफ म्हणजे रॉकर) जी फट पडेल ती भरून काढणे एवढेच त्याचे काम असते. ती फट झिजेमुळे पडली, उष्णतेमुळे पडली, की स्प्रिंग कमजोर असल्याने साखळी क्षणभर सुटल्यामुळे पडली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. स्प्रिंगच्या कमजोरीने पडलेली फटही तो इमानाने भरतो, तेल आत अडकते, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि ताकद एकदम पडते. यालाच पंप-अप म्हणतात. म्हणून कॅमच्या प्रोफाइलला, म्हणजे त्याच्या उंचवट्याच्या आकाराला, साजेशा स्प्रिंगा, त्यांची बसवलेली उंची आणि सीटवरचा दाब आधी तपासावा. टॅपेटचा विचार त्यानंतर.

निवडताना रोलर टॅपेटचा (कॅमवर चाकाने फिरणाऱ्या) मोह होतो, कारण त्यावर अधिक आक्रमक प्रोफाइलचा कॅम चालतो. मात्र तो वजनाने जड असल्यामुळे कडक स्प्रिंग मागतो, आणि कडक स्प्रिंगच्या दाबाखाली प्लंजरच्या बाजूने तेल जास्त झिरपून लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडण्याची उंची, घटते. त्यामुळे प्लंजर व बॉडी यांच्यातली फिटिंग बारीक असलेला, शक्य तर प्लंजरच्या कमी प्रवासाचा टॅपेट मी पसंत करतो. प्लंजरला वर अडवणारी क्लिप भक्कम हवी, कारण प्रीलोड (फट संपल्यावर प्लंजर आणखी जितका दाबून ठेवायचा ते अंतर) जवळजवळ शून्य ठेवायचा असेल तर प्लंजरचे धक्के थेट तिच्यावर बसतात आणि साधी तारेची क्लिप निसटू शकते. फ्लॅट टॅपेट (सपाट तळ कॅमवर घासणारा) वापरणार असाल तर नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नका.

खरी काळजी सेटिंगमध्ये लागते. त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू लागला की इनटेक सेट करावा, आणि इनटेक पूर्ण उघडून जवळजवळ मिटत आला की एक्झॉस्ट. म्हणजे प्रत्येक वेळी ज्याचे सेटिंग चालू आहे त्याचा टॅपेट कॅमच्या गोल भागावरच राहतो. रॉकरचा नट आवळताना पुशरॉड बोटांत फिरवून अंदाज घेण्याची सवय सर्रास दिसते, पण तेल लागलेला पुशरॉड प्लंजर दबू लागल्यावरही सहज फिरतो. तो वर-खाली हलवून पाहावा. हालचाल संपते तोच शून्य बिंदू.

पुढचा हिशेब अनेकांच्या नजरेतून सुटतो. रॉकरच्या ३/८ इंची स्टडवर इंचाला २४ आटे असतील तर एका फेऱ्यात नट १.०६ मिमी खाली जातो. पण व्हॉल्व्हचे टोक जागेवरच राहते आणि रॉकरचा आधारबिंदू खाली येतो, त्यामुळे १.५ गुणोत्तराच्या रॉकरवर प्लंजर सुमारे १.७६ मिमी दबतो. अर्धा फेरा म्हणजे जवळपास ०.९ मिमी, पाव फेरा म्हणजे ०.४४ मिमी. रस्त्यावरच्या साध्या इंजिनाला अर्धा फेरा ठीक आहे. वरच्या आरपीएमसाठी मी पाव फेऱ्याच्या आसपास राहतो, कारण प्लंजरला वर सरकायला जागाच कमी उरते आणि पंप-अप झाला तरी व्हॉल्व्ह फारसा उघडा राहू शकत नाही. कमी प्रवासाच्या टॅपेटला मात्र हा अंदाज लावू नये, तिथे उत्पादकाने दिलेला आकडाच पाळावा.

हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: गरम झाल्यावर ते पोलादी पुशरॉडपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि थंड इंजिनावर दिलेला प्रीलोड घटतो. थंड असताना अगदी शून्यावर ठेवलेले टॅपेट म्हणूनच तापल्यावर खडखडू लागतात. रॉकरला नटची सोयच नसेल तर प्रीलोड पुशरॉडच्या लांबीवर ठरतो. हेड घासले किंवा गॅस्केटची जाडी बदलली असेल, तर लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या मापाच्या पुशरॉडने नवी लांबी काढूनच ऑर्डर द्यावी.